रेषेबाहेरचे पाच सेकंद

बास्केटबॉलचा सामना पाहताना तुमची नजर बहुधा बास्केटकडे लागलेली असते. ते स्वाभाविकच आहे. गुण तिथे होतात, टाळ्या तिथल्या खेळाला मिळतात. मी मात्र गेली अनेक वर्षे या खेळात पंच म्हणून उभा राहत आलो आहे आणि त्यामुळे माझ्या नजरेला निराळे वळण लागले आहे. आज तुम्हीही थोडा वेळ माझ्याबरोबर मैदानाच्या कडेला उभे राहा. चेंडू रेषेबाहेर गेला आहे. घड्याळ थांबले आहे. एक खेळाडू रेषेबाहेर उभा आहे आणि मी चेंडू त्याच्या हाती देत आहे. यालाच ‘थ्रो-इन’ म्हणतात. चेंडू त्याच्या हाती पडला की माझा हात हवेत सेकंद मोजू लागतो. पाच सेकंदांच्या आत त्याने चेंडू मैदानात टाकायचा असतो.

नियम तसे सोपे आहेत. नेमून दिलेल्या जागेपासून बाजूला सरकायचे झाल्यास एकूण एक मीटरहून अधिक सरकायचे नाही. मागे मात्र जागा असेल तितके जाता येते. चेंडू हातात असताना मैदानात पाऊल टाकायचे नाही. आत टाकलेला चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागण्यापूर्वी आपणच मैदानात जाऊन घ्यायचा नाही. प्रतिस्पर्ध्याने, चेंडू रेषा ओलांडेपर्यंत, आपल्या शरीराचा कोणताही भाग रेषेपलीकडे न्यायचा नाही. थांबलेले घड्याळ चेंडू हातातून सुटताच सुरू होत नाही. मैदानातल्या खेळाडूचा त्याला स्पर्श झाला की मग ते चालू लागते. ही सारी कलमे एका दुपारी पाठ होतात. मी ती पाठ केली, परीक्षा दिली आणि उत्तीर्णही झालो. नियम पाठ असणे आणि नियम कळणे यांतले अंतर मला फार उशिरा उमगले.

वास्तविक या खेळाचा इतिहासच ते अंतर दाखवून देत होता. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने या खेळाचे तेरा नियम लिहिले. त्यांतला नववा नियम बाहेर गेलेल्या चेंडूविषयी होता, आणि आज मी मोजतो ते पाच सेकंद त्या नियमातही होते. मात्र चेंडूला जो प्रथम स्पर्श करील त्याचा त्यावर हक्क, असा अर्थही त्या नियमातून घेतला गेला. परिणाम काय झाला असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल. चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघ त्याच्यामागे धावत सुटत. तो प्रेक्षकांच्या सज्जात गेला तर जिन्यावरून वर झेपावत. नियमाचे शब्द पाळले जात होते, पण खेळ बाजूलाच राहत होता. अखेर तो नियम बदलावा लागला. ज्या संघाच्या स्पर्शाने चेंडू बाहेर जाईल त्याच्या विरुद्ध संघाला तो मिळावा, ही आजची साधी व्यवस्था त्यानंतरची आहे.

ही हकीकत मला ठाऊक होती. तरीही मी शब्दांना धरून चालणारा पंच होतो. आपल्याकडची अनेक मैदाने शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, भिंतीला आणि कुंपणाला लागून आखलेली असतात. रेषेपासून भिंतीपर्यंतचे अंतर दोन मीटरहून कमी असेल, तर प्रतिस्पर्ध्याने चेंडू टाकणाऱ्यापासून निदान एक मीटर दूर राहावे, असा नियम आहे. मी ते अंतर पावलांनी मोजून घेत असे. माझ्या काटेकोरपणाचे कौतुक होई आणि मला ते आवडे.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी मुख्य पंच होतो. शेवटची चाळीस सेकंदे उरली होती. एक संघ एका गुणाने पुढे होता आणि चेंडूही त्याच संघाचा होता. त्यांची कर्णधार बाजूरेषेबाहेर उभी होती. शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनच्या वेळी पंचाने प्रतिस्पर्ध्याला हाताच्या खुणेने ताकीद द्यावी लागते. मी तिच्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला खूण केली : रेषा ओलांडू नकोस. तिने मान हलवली. मी चेंडू कर्णधाराच्या हाती दिला आणि मोजू लागलो.

तिसऱ्या सेकंदाला कर्णधाराने चेंडू टाकण्यासाठी हात पुढे केले. पाय रेषेबाहेरच होते, पण त्या झोकात चेंडूसह तिचे हात रेषेच्या आत, मैदानावर आले. समोरच्या मुलीने तिला धक्का दिला नाही, रेषाही ओलांडली नाही. तिने कर्णधाराच्या हातांतला चेंडू तेवढा खेचून घेतला, वळली आणि बास्केट केली. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी रेषेकडे पाहिले. ती ओलांडली गेली नव्हती. मी दोन गुण मान्य केले.

कर्णधार माझ्याजवळ आली. “सर, चेंडू माझ्या हातातच होता.”

“पण तुझे हात आत होते,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. क्षणभर माझ्याकडे पाहून परत गेली. उरलेल्या सेकंदांत त्यांना गुण करता आला नाही. त्या एका गुणाने हरल्या. सामना संपल्यावर मी गुणपत्रिकेवर सही केली. मुख्य पंचाच्या या सहीने पंचांचा सामन्याशी असलेला संबंध संपतो, असे नियमच सांगतो.

त्या रात्री मला झोप लागेना. “चेंडू माझ्या हातातच होता” हे वाक्य मनातून जाईना, कारण ती तक्रार नव्हती. जे घडले ते तिने सांगितले होते आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. अखेर उठून मी पुस्तिका काढली. बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघ नियमपुस्तिकेखेरीज नियमांचा अर्थ उलगडणारी आणखी एक पुस्तिका काढतो. तिची मांडणी तुम्हाला ओळखीची वाटेल. आधी एक विधान, मग घडू शकेल असा एखादा प्रसंग आणि शेवटी त्या प्रसंगाचा निर्णय. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम तुम्ही अभ्यासला असेल. एकट्या सूत्राने भागत नाही, हे महानुभावांनी शतकांपूर्वी ओळखले होते. मी मात्र सूत्र पाठ करून दृष्टांत नुसता चाळला होता.

तिथे माझाच प्रसंग लिहिलेला होता. चेंडू टाकण्याच्या हालचालीत टाकणाऱ्याचे हात चेंडूसह रेषेच्या आत येऊ शकतात. तरीही चेंडू त्याच्या हातात आहे तोवर त्याला हात न लावण्याची जबाबदारी बचाव करणाऱ्याचीच राहते. एरवी पहिल्या वेळी ताकीद. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र पंचाची ती खूण हीच ताकीद असते आणि त्यानंतर थेट टेक्निकल फाउल. म्हणजे मी मान्य केलेले दोन गुण मुळी नव्हतेच. उलट कर्णधाराच्या संघाला एक फ्री थ्रो मिळायला हवा होता आणि त्यानंतर चेंडूही.

पहाटेपर्यंत मी त्या निर्णयाचे कारण शोधत राहिलो. पुस्तिका कारण सांगत नाही. ते आपल्याला खेळातून शोधावे लागते. विचार करा : रेषेबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलीला धावता येत नाही, चेंडू आपटत पुढे नेता येत नाही, बास्केटवर नेम धरता येत नाही. तिच्याजवळ एक मीटर जागा आणि पाच सेकंद एवढेच असते. ती अजून खेळात नाही. खेळ पुन्हा सुरू करून देण्याचे काम तेवढे तिच्याकडे सोपवलेले आहे. जिला उलट लढण्याची मुभा नाही, तिच्या हातातले हिसकावून घेण्याची मुभा समोरच्यालाही असू शकत नाही. चेंडू हातातून सुटून आत आला की मग सगळ्या सारख्याच. रेषा आखली गेली ती हे संरक्षण दिसावे म्हणून. मी रेषा सांभाळली आणि ती जिच्यासाठी आखली होती तिला विसरलो.

याच संदर्भात मला १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना आठवतो. अमेरिका सोव्हिएत संघापुढे ५०-४९ अशी एका गुणाने पुढे होती. वादावादीनंतर शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले. सोव्हिएत संघाचा इव्हान एदेश्को चेंडू टाकण्यासाठी मैदानाच्या टोकाला उभा होता आणि टॉम मॅकमिलन हा उंच अमेरिकन खेळाडू त्याच्यासमोर हात उंचावून होता. पंच अर्तेनिक अराबाजियन यांनी हाताने काही खूण केली आणि मॅकमिलन मागे सरला. मोकळी वाट मिळताच एदेश्कोने संपूर्ण मैदानभर लांब चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो झेलून बास्केट केली आणि सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके कधीच स्वीकारली नाहीत. पंचांनी आपल्याला मागे हटायला सांगितले, असे मॅकमिलन म्हणत आला. आपल्या खुणेचा तसा अर्थ नव्हता, असे पंचांचे म्हणणे. खूण एकच, वाचने दोन.

पंच नियमांचा अर्थ लावतो, हे आपण सहज म्हणतो. पण समोरचा खेळाडूही पंचाचा अर्थ लावत असतो. ‘रेषा ओलांडू नकोस’ ही माझी खूण त्या मुलीने अक्षरशः पाळली होती. रेषा ओलांडली नाही की बाकी सारे चालते, असे तिने त्यातून वाचले असेल, तर तो दोष तिच्या एकटीचा कसा म्हणू? मीही नियम तसाच वाचला होता. तेव्हापासून मी खूण करताना एक शब्द तोंडीही जोडतो : “चेंडू तिच्या हातात आहे तोवर तिचा.”

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मैदानावर ती कर्णधार मला पुन्हा भेटली. सामना संपल्यावर मी तिला थांबवले आणि म्हणालो, “गेल्या वर्षी चूक माझी होती. तू बरोबर होतीस.”

तिला आठवण करून द्यावी लागली नाही. ती म्हणाली, “मला ते तेव्हाच कळलं होतं, सर. पण कुठे लिहिलंय ते मला दाखवता आलं नसतं.”

मी पिशवीतून ती पुस्तिका काढली आणि ते पान उघडून तिच्या हाती दिले. तिने उभ्या उभ्याच ते पूर्ण वाचले. मग पुन्हा एकदा, सावकाश. मैदानावरचे दिवे मालवू लागले होते. मी सेकंद मोजले नाहीत.