पहिला आकडा

पुण्याचे मेतकूट फोनवरून मागवावे आणि आठवड्याच्या आत ते दारी यावे, याचे आम्हां इंदूरकरांस आता नवल उरलेले नाही. मागणी नोंदली की गोदामात पुडा बांधला जातो. त्यावरील पट्ट्यांची खूण टप्प्याटप्प्यावर यंत्र वाचते आणि माल कुठवर आला ते घरबसल्या कळते. या यंत्रणेस वाट दाखवतो तो १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा पिनकोड. त्याचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी. पुण्याचा ४११, आमच्या इंदूरचा ४५२. विभाग दाखवणारा पहिला आकडा एकच! पुडे अचूक येतात, हे समाधान आहेच. पण पूर्वी मेतकूट आणणारा पाहुणा चार दिवस राही, साऱ्या आप्तांची खुशाली सांगे. ती आणायला आता आम्हीच निघाले पाहिजे.