आधी खिडकीबाहेर बघ

राजापूरजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पुस्तक हाती पडायचं ते जूनमध्ये, कौलांवर पाऊस वाजत असताना. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "पाऊस पडतोय, याचं इंग्रजी काय?" मी उठून म्हणालो, "रेन इज फॉलिंग." सर म्हणाले, "कळतं, पण बोलताना म्हणतात, इट इज रेनिंग."

हे 'इट' कोण, ते मला कळेना. आमच्याकडे पाऊस स्वतः येतो, लागतो, धरतो, उघडतो. मृगात आला नाही तर आजी त्याच्यावर रुसायची. पुनर्वसूतला तरणा पाऊस आणि पुष्यातला म्हातारा पाऊस म्हणजे तर घरचीच माणसं. इंग्रजीत मात्र पाऊस क्रियापदात विरघळतो आणि कर्त्याची रिकामी जागा भरायला 'इट' उभं राहतं.

पुढे काळांची गाठ पडली. आभाळ काळवंडलं, चार थेंब आले की आई ओरडायची, "आला रे पाऊस, दोरीवरचे कपडे काढ!" पाऊस जेमतेम सुरू होतोय आणि क्रियापद भूतकाळी. तसंच मी निबंधात 'द रेन केम' लिहिलं. सरांनी वहीवर रेघ मारली नाही. मला खिडकीशी नेलं.

"वाक्य करण्याआधी बाहेर बघ," ते म्हणाले. "नुसते ढग भरून आलेत? इट इज गोइंग टू रेन. आत्ता पडतोय? इट इज रेनिंग. सातपासून थांबलाच नाही? इट हॅज बीन रेनिंग सिन्स सेव्हन. थांबलाय, पण अंगण ओलं आहे? इट हॅज रेन्ड. दर आषाढात पडतो? इट रेन्स." मराठीत 'सातपासून पडतोय' म्हटलं की भागतं, 'पासून' सगळा भार उचलतो. इंग्रजीत तो भार क्रियापदालाही घ्यावा लागतो, हे मला त्या खिडकीशी समजलं.

एक काळ मात्र समजायला 2005 उजाडावं लागलं. 26 जुलैला अंधेरीतल्या कचेरीतून मी सहाला निघालो, तेव्हा रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना बोटांनी आपोआप लिहिलं, इट हॅड बीन रेनिंग हार्ड सिन्स टू. मी निघालो ही भूतकाळातली गोष्ट आणि पाऊस तिच्याही आधीपासूनचा. ज्या रचनेची शाळेत भीती वाटायची, ती त्या पाण्यातून चालल्यावर सरळ झाली. शब्द मात्र अपुरा पडला. पत्रात पुढे मी 'हेवी रेन' लिहिलं होतं. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'हेवी' सुरू होतं आणि 204.4 च्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला होता.

आता लेक मँचेस्टरला असते. फोनवर मी रोज विचारतो, "पाऊस आहे का गं?" ती म्हणते, "बाबा, ड्रिझल आहे," किंवा "शॉवर येऊन गेला." ड्रिझल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक थेंबांची भुरभुर. शॉवर अचानक येतो, अचानक थांबतो. म्हणजे आपली सर. तिथल्या अंदाजात 'सनी स्पेल्स अँड शॉवर्स' ऐकलं की मला श्रावण दिसतो. तिची पाच वर्षांची मुलगी मात्र मराठीत सांगते, "आजोबा, पाऊस पडतो आहे," आणि फोन खिडकीकडे वळवते.

सरांनीही हेच शिकवलं होतं. मुलांना पावसाचं इंग्रजी शिकवणार असाल, तर काळांचा तक्ता नंतर दाखवा. आधी त्यांना खिडकीशी न्या आणि विचारा: केव्हापासून पडतोय, कसा पडतोय, थांबला का?