स्टॉर्म सर्ज म्हणजे काय?

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांना फिलिपाइन्स तसा परका नाही. जहाजावर नोकरी केलेला एखादा चाचा किंवा मामू घरोघरी असतो, आणि त्याच्या गप्पांत एखादा फिलिपिनो सोबती हमखास येतो. माझे मामू इंजिनरूममध्ये होते. ते सांगायचे, "ती माणसं तुफानाबद्दल असं बोलतात, जसं आपण पावसाबद्दल." त्या देशाच्या हद्दीत दरवर्षी साधारण २० चक्रीवादळं येतात, हे कळल्यावर मामूंच्या बोलण्याचा अर्थ लागला.

८ नोव्हेंबर २०१३ ला आलेलं वादळ मात्र त्यांच्याही सवयीतलं नव्हतं. जगाने त्याला हैयान म्हटलं, तिथे त्याचं नाव योलांडा. वारा ताशी ३०० किलोमीटरच्या वर. ६,३०० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक समुद्राच्या पाण्याने. टाक्लोबान शहरात तर काही निवारा केंद्रांतही पाणी शिरलं.

इशारा दिला नव्हता असं नाही. तो 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी शब्दांत दिला होता. वाचलेल्या अनेकांनी नंतर सांगितलं, सुनामी म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो. मी दोन भाषा शिकवून पोट भरतो, म्हणून असेल, पण ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे तरी काय म्हणणार? उधाण? ते दर अमावास्या-पौर्णिमेला येतं, त्याला घाबरून कोण घर सोडतो? ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हाही मोबाईलवर आलेले इशारे घरातल्या म्हाताऱ्यांना उलगडून सांगावे लागले होते.

त्याच हैयानमध्ये सेबू प्रांतातल्या तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावरची जवळपास सगळी, म्हणजे ५०० च्या आसपास घरं पडली. माणूस एकही गेला नाही. सुमारे हजार लोकांना आदल्या दिवशीच हलवलं होतं. त्या भागात 'पुरोक' नावाची वस्तीची व्यवस्था आहे, आपल्या मोहल्ल्याच्या जमातीची आठवण व्हावी अशी. लोक स्वेच्छेने थोडे पैसे एकत्र ठेवतात, अडीनडीला तेच उपयोगी पडतात. वादळाआधीच, २०११ मध्ये, या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला होता. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेली दादी आहे, हे शेजाऱ्याला माहीत असतं. कलेक्टर कचेरीला ते कसं कळणार?

फिलिपिनो लोक याला बायानिहान म्हणतात. पूर्वी गावकरी बांबूवर अख्खं झोपडं उचलून दुसऱ्या जागी नेत, त्या चित्रासाठी हा शब्द प्रसिद्ध आहे. पण आता तिथलेच लोक वैतागून विचारतात, आमच्या चिवटपणाचं कौतुक किती दिवस करणार? घरं मजबूत का नाहीत, पैसा कुठे गेला, हे कधी सांगणार? मला हा राग पटतो. सब्र हा गुण आहे, पण कोणी तो दुसऱ्यावर लादू नये.

मी वर्गात मुलांना सांगितलं, दादीला कळेल असा इशारा एका वाक्यात लिहा. एका मुलीने लिहिलं, "दादी, दर्या घरात येतोय, चप्पल घाल, वर चल." मी खूश झालो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, वर म्हणजे कुठे?"

ऑक्टोबर २०२२ मध्ये बांगसामोरो या मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेशात, कुसियोंग गावी, लोकांनी हाच प्रश्न आधी सोडवून ठेवला होता. १९७६ च्या सुनामीत त्या किनाऱ्याने बरंच सोसलं होतं, म्हणून ते पळण्याचा सराव करत असत. त्या रात्री धोक्याची घंटा वाजली, सुनामी समजून लोक उंचावरच्या चर्चकडे धावले, आणि डोंगरावरून चिखलाचा लोंढा खाली आला.

आमच्या गावालाही एकच टेकडी आहे. २०२१ ला तळियेची दरड कोसळल्यापासून पावसाळ्यात तिच्याखाली कोणी झोपत नाही. त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रामपंचायतीत विचारायला हवं, आणि मुलांना घेऊनच जायला हवं.