न्हावऱ्याहून रोटीला

सायकल हे वाहन मोठे समजूतदार. मोटारीतून जाणारा गावांची नावे वाचतो. सायकलवाल्याला गाव स्वतः थांबवून घेते, पाणी पाजते आणि चार गोष्टी विचारते. शिवाय सायकल मारली की भूक सपाटून लागते, आणि भुकेल्या माणसाला मुलूख लवकर कळतो.

या हिशेबाने २०१९ च्या जानेवारीत, एका रविवारी भल्या सकाळी, मी आणि आमच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक न्हावऱ्याहून निघालो. जायचे होते दौंड तालुक्यातील रोटीला. तिथे द्राक्षमळा आहे आणि वाईनचा कारखानाही. मला वाईनचे कुतूहल. प्राध्यापक मात्र माळकरी. "तुम्ही चाखा, मी मळा पाहतो," एवढ्या करारावर ते आले.

न्हावरे हे शिरूर-चौफुला रस्त्यावरचे गाव. घोडगंगा सहकारी साखर कारखाना इथलाच, त्यामुळे परक्या माणसाला न्हावरे म्हटले की ऊस आठवतो. पण मूळचा हा मुलूख ज्वारीचा. गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याने आमच्यासाठी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजायची, तळहातांवर चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायचा आणि गरम हुरडा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. थंडीत याहून थोर न्याहारी नाही. या ज्वारीचे लाड काहीच नसतात. पावसाळा सरता सरता पेरतात. काळ्या जमिनीने पोटात धरलेल्या ओलीवर ती कणसाला येते.

याच तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. ती माणसे प्रामुख्याने जव पिकवीत. पाण्यासाठी त्यांनी पाटही खोदला होता. पुढे पाऊसमान घटले. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. मी हे सांगत असता प्राध्यापक कणीस चोळत म्हणाले, "म्हणजे पाण्याचा ताळेबंद तेव्हाही चुकलाच."

भीमा ओलांडून पारगावच्या बाजूला आलो आणि मुलूख पालटला. दोन्ही अंगांना ऊस आणि हवेत गुळाचा दरवळ. एका गुऱ्हाळावर उतरलो. चुलाणात उसाची वाळली चिपाडे घालीत होते. काहिलीत रस रटरटत होता. भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढली जात होती. गुळव्या म्हणजे इथला आचार्य. रसाचा रंग आणि बुडबुडे पाहून काहील केव्हा उतरवायची हे तोच ठरवतो. त्याने आम्हांला कोमट काकवी दिली. प्राध्यापकांनी दोनदा मागून घेतली आणि मग विचारले, "ऊस शेतात किती दिवस?" उत्तर आले, "बारा महिने, आडसाली असला तर अठरा. अन् पाणी सारखं."

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली-बायका आणून सांभाळल्या. मराठीच्या माणसाने इथे उतरावेच. बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी इथेच राहून केले. चौफुला ढोलकी-घुंगरांसाठी प्रसिद्ध. पण आम्ही पोहोचलो भर दुपारी, ढोलक्या निजलेल्या असताना. तेव्हा पुढे वरवंडला पिठले-भाकरी खाऊन पाटसवरून रोटी गाठले.

द्राक्षमळ्याच्या देखरेखीवरचा माणूस बोलका होता. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशा दोन छाटण्या करून एकच पीक घ्यायचे. तांबड्या वाईनला रंग येतो तो सालीचा; पांढरीसाठी रस काढून साल बाजूला करतात. मी दोन्ही चाखल्या. तांबडी जिभेवर तुरट, कच्च्या जांभळासारखी वाटली. आमच्या राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ चा आणि द्राक्षांच्या वाईनला उत्तेजन देणारे धोरण २००१ चे. दोन्ही एकाच घोटात उतरले.

प्राध्यापक दूर वेलींच्या रांगेत वाकून ठिबकची नळी पाहत होते. परतताना ते म्हणाले, "तुकोबांची पालखी याच रोटीच्या घाटातून बारामतीकडे जाते. मळ्यात येताना मला जरा संकोच वाटला होता. पण आज खाल्ले-प्यायले त्याचा हिशेब मांडा. ज्वारीने पावसाच्या ओलीवर भागवले. द्राक्षाने थेंब मोजून घेतले. आणि मी दोनदा मागून घेतली ती काकवी! तिच्या उसाने वर्षभर भीमा प्यायली. मग माळ घालून मी आज काय वर्ज्य केले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाईनच्या बाजूने बोलावे तर पक्षपात झाला असता, आणि उसाच्या विरुद्ध बोलावे तर ज्याच्या आगटीवर सकाळी बसलो त्याचाही दोन एकर ऊस होता. मुलीचे लग्न त्याच उसावर झाल्याचे त्याने हुरडा भाजता भाजताच सांगितले होते.

सायकली टेम्पोत चढवल्या. प्राध्यापकांच्या पिशवीत काकवीची बाटली, माझ्या पिशवीत वाईनची. टेम्पोवाल्याने दोन्ही बाटल्या फुटू नयेत म्हणून एकाच गोणपाटात गुंडाळल्या.