होडीत काय न्यावं?

बेटावर माणूस उगवत नाही, तो होडीतून येतो. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा आणि सामोआ बेटांवर सुमारे ३००० वर्षांपूर्वी पहिली माणसं पोचली. न्यूझीलंडला तर माओरींचे पूर्वज ७००-८०० वर्षांपूर्वीच आले. या दर्यावर्दींच्या होड्यांत कोंबड्या असायच्या आणि अळूचे कंदही. हो, आपल्या फदफद्यातलं अळूच! घर नवं असलं तरी चव जुनीच हवी.

आपल्या बाजूच्या हिंदी महासागरातल्या मॉरिशसवर मात्र १७व्या शतकापर्यंत वस्तीच नव्हती. डच, फ्रेंच, त्यांनी आणलेले आफ्रिकी गुलाम, मग चिनी, भारतीय. सगळेच बाहेरून आलेले. १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेली कोकणातली माणसंही होती. त्यांना सोबत फारसं काही नेता आलं नाही. तरी आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं आणि एरवी क्रिओल बोलणारी मुलं गणपतीपुढे आरत्या म्हणतात.

इथं दिल्ली-नोएडात मराठी घरांतली मुलं आईला हिंदीत उत्तर देतात, तेव्हा मला हे मजूर आठवतात. आपल्याकडे राजधानी एक्स्प्रेस आहे, व्हिडिओ कॉल आहे. त्यांच्याकडे होतं ते बहुतेक तोंडपाठच. ते त्यांनी रोज म्हटलं, मुलांकडून म्हणवून घेतलं, म्हणून टिकलं.