दोरी खुंटीवरून काढण्याआधी

बहादरपूरला कुत्रं दोरीने फिरवणारी माणसं कमीच. इथलं कुत्रं एकतर केळीच्या बागेत राखणीला असतं, नाहीतर गल्लीचं असतं. चार घरची भाकरी खातं आणि कुणाच्याही ओट्याखाली झोपतं. त्याला मुद्दाम फिरायला न्यायचं कशाला, हेच पुष्कळांना कळत नाही. आमच्याकडे दोन आहेत. राणी लॅब्राडोर, इंदूरच्या दिरांची बदली झाली तेव्हा ती आमच्याकडे आली. काळ्या अस्सल गावठी. बंद सूतगिरणीच्या बाजूला भर पावसात कुडकुडत होता, तिथून मुलाने उचलून आणला. दिवसभर दोघं इतकी गुणी की घरात आहेत की नाहीत असं वाटावं. पण फिरायची वेळ झाली की सगळा नूर पालटायचा.

मी नुसती चप्पल पायात सरकवली की राणी गरागरा गोल फिरायला लागायची. दोरी खुंटीवरून निघाली, तिच्या कडीचा खण्ण आवाज झाला, की काळ्या दारावर पंजे आपटायचा. एकाने तोंड उघडलं की दुसरं गप्प बसणं शक्यच नाही. पट्टा अडकवताना हाताला ओरखडे, दार उघडलं की दोघांची एकदम झेप, आणि मग वाटेत जे दिसेल त्याच्यावर भुंकणं: सायकल, बकऱ्या, दूधवाला, शाळेला निघालेली मुलं. मुलं घाबरून भिंतीला चिकटायची. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

सल्ले भरपूर मिळाले. शेजारचे नाना म्हणायचे, “वहिनी, त्याले एक डाव दांडकं दाखवा, चूप होते.” नाना मनाने चांगला माणूस, पण ही गोष्ट मी कधीच ऐकली नाही. आमच्या आजेसासूबाई दर गुरुवारी कुत्र्यांना भाकरी घालायच्या. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांच्यावर हात उगारायचा नाही, हा त्यांचा नियम घरात आजही आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी मारण्यात तोटाच आहे. सायकल दिसली की पाठीत दणका बसतो, एवढंच कुत्रं त्यातून शिकतं. मग सायकल त्याला आणखी वाईट वाटायला लागते. मार खाऊन गप्प झालेलं कुत्रं शांत झालेलं नसतं. ते आतून तसंच पेटलेलं असतं, फक्त इशारा द्यायचं सोडून देतं. आणि न गुरगुरता चावणारं कुत्रं सगळ्यांत धोक्याचं.

बऱ्हाणपूरच्या गुरांच्या डॉक्टरांकडे लसीसाठी नेलं तेव्हा त्यांनी आधी दोघांचे कान, दात, मागचे पाय नीट तपासले. दुखणं असेल तर कुत्रं चिडचिडं होतं, म्हणून सुरुवात तिथून करायची असते. दुखणं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “घरातून निघता तेव्हा ती कशी असतात?” मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग रस्त्याचं राहू द्या. आधी घरातलं बघा.”

घरातलं बघायला लागल्यावर लक्षात आलं, की दूध उतू जातं तसंच हे होतं. रस्त्यावर पोचेपर्यंत दोघं काठोकाठ आलेली असायची. मग सायकल हे निव्वळ निमित्त. पावलोव्हची कुत्री शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेली असतात. त्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ चं नोबेल खरं तर पचनावरच्या कामासाठी मिळालं, पण जगाच्या लक्षात राहिली ती खाण्याची चाहूल लागताच लाळ गाळणारी त्याची कुत्री. आमच्या घरात तेच काम दोरीची कडी करत होती. कडी वाजली म्हणजे बाहेर जायचं, हे इतकं पक्कं बसलं होतं की आवाजासरशी दोघांचं अंग थरथरायचं. जे सवयीने जुळलं ते सवयीनेच सैल होणार, असा विचार करून मी दोरी दिवसात कधीही काढायला लागले. काढायची, खांद्यावर टाकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायची. चप्पल घालायची आणि ओट्यावर चहा पीत बसायचं. किल्ल्या वाजवायच्या आणि परत खिळ्याला लावायच्या. पहिल्या पहिल्यांदा दोघं वेड्यासारखी मागेमागे यायची, भुंकायची. मी रागावले नाही आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही. हळूहळू त्यांना उमगलं की दोरी निघाली म्हणजे काही घडतंच असं नाही. एका दुपारी मी दोरी काढली तेव्हा काळ्याने नुसता एक डोळा उघडला आणि परत मिटला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही.

मग पट्टा. चारही पाय जमिनीवर असतील तरच हात पुढे जाणार. उडी मारली की मी सरळ उभी राहायची, हात मागे. “बस”, “थांब”, “गप” असं ओरडायची गरज नसते; उलट आपण ओरडलो की त्यांना वाटतं, हीपण आपल्याबरोबर भुंकायला लागली. आपला आवाज जितका खाली, हालचाल जितकी संथ, तितकी तीही खाली येतात. नंतर दार. कडी काढली आणि राणी पुढे घुसली, की दार लोटून घ्यायचं. मागे सरकली, की पुन्हा फटभर उघडायचं. दार तिच्या धडकेने उघडत नाही, मागे सरकल्याने उघडतं, हे तिला फार लवकर समजलं. काळ्याला वेळ लागला. गावठी कुत्रं हुशार असतं, पण आधी स्वतः खात्री करून घेतं.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो दोघांना वेगवेगळं न्यायला लागल्याने. दोन कुत्री एकत्र असली की एकमेकांना चढवतात. राणीला काही ऐकू यायच्या आत काळ्याचे कान उभे राहतात, आणि त्याचे कान बघूनच ती सुरू होते. आता आधी काळ्या, मग राणी. घरी राहणाऱ्याला भाकरीचे तुकडे फडक्यात गुंडाळून द्यायचे. ते सोडवण्यात त्याचा वेळ जातो आणि दाराशी रडारड होत नाही. खटाटोप दुप्पट होतो, हे खरं. पण अर्धा तास ओढाताण करण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं चालणं बरं.

बाहेर पडल्यावरचं शास्त्र मी बांधावर उभी राहून शिकले. गावाबाहेर केळीच्या बागांतून जाणारी गाडवाट आहे. कापणी असली की ट्रॅक्टरची ये-जा असते, मजुरांच्या हाका असतात, घड वाहणाऱ्यांची धावपळ असते. काळ्याला ट्रॅक्टरचं भारी वेड. कुत्र्याला आपल्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. माणसाची धाव वीस हजार हर्ट्‌झपर्यंत, कुत्र्याची पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणून मला काही समजायच्या आत तो ताठ होतो. मी त्याच्याकडे बघायला शिकले, ट्रॅक्टरकडे नाही. भुंकण्याआधी तो बरंच काही सांगतो. चालताना उघडं असलेलं तोंड एकदम मिटतं. कान पुढे येतात. वजन पुढच्या पायांवर जातं. शेपटी वर जाऊन ताठ होते. एवढं झालं की दोन-चार सेकंदच हातात असतात. तेवढ्यात वळायचं आणि अंतर वाढवायचं.

अंतर हेच खरं औषध. वीस पावलांवरून ट्रॅक्टर गेला तर काळ्या फाटेस्तोवर भुंकतो. तोच दोन शेतं पलीकडून गेला तर नुसता बघतो. तो नुसता बघतोय अशा जागी उभं राहायचं आणि त्याने ट्रॅक्टरकडे पाहिलं की तुकडा द्यायचा. भुंकायचा थांबला म्हणून नाही, पाहिलं म्हणून. पाहिलं, तुकडा, पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. काही दिवसांनी ट्रॅक्टर दिसला की तो आपणहून माझ्याकडे मान वळवायला लागला: आला बघ, दे. मग एक बांध पुढे. भुंकला की समजायचं, आपण घाई केली, परत मागे. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे खाऊ नाचवून उपयोग नसतो. इतकं पेटल्यावर त्याला खाणं दिसतही नाही. राणी तर खाण्यासाठी जीव टाकणारी, पण अशा वेळी तोंडाशी धरलेलं अंडंही ती खाली पाडते. तिने खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलोय, ही माझी खूण.

तुकडे कसले, तर ज्वारीच्या भाकरीचे, उकडलेल्या अंड्याचे, कधी कलेजीचे. ते तिच्या रोजच्या वाटणीतूनच काढायचे, नाहीतर लॅब्राडोर महिन्याभरात पिंपासारखी होते. कांदा, मनुका, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं. ते अजिबात नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न मला सगळे विचारतात. आमच्या वाटेवर त्यांची तीन राज्यं आहेत आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना उचललेल्या जागीच परत सोडायचं, असं आहे. म्हणजे ती इथली रहिवासी आहेत असं धरूनच चालायला हवं. तुरिद रुगास या नॉर्वेच्या बाईंनी कुत्र्यांच्या देहबोलीवर लिहिलंय: तोंड फिरवणं, जांभई, जमीन हुंगणं, सरळ चाल करून न जाता वळसा घेऊन येणं, या सगळ्या भांडण टाळण्याच्या खुणा. मी ते आमच्या गल्लीत करून पाहिलं. समोरच्या टोळीकडे सरळ चालत गेलं, नजरेला नजर दिली, दोरी ताणली, की दंगा ठरलेला. तेच रस्त्याची दुसरी कड धरून, अर्धगोल वळसा घेत, कुत्रं आणि टोळी यांच्यामध्ये आपण राहून, दोरी सैल ठेवून गेलं, तर म्हातारी तांबडी कुत्री नुसती मान उचलते. ताणलेली दोरी कुत्र्याची छाती पुढे काढते, मान वर ओढते. समोरच्याला ते आव्हान वाटतं. म्हणून गळ्याची साखळी काढून मी छातीचा हार्नेस घेतला. दोन मीटरची साधी दोरी, बस.

आणि हुंगू द्यायचं. लोकांना वाटतं कुत्र्याला दमवलं की ते शांत होतं. पळवून पळवून दमवलेली राणी घरी येऊन तासभर धापा टाकत फेऱ्या मारायची. आता बांधावरच्या गवतात मी भाकरीचा चुरा उधळते आणि ती दहा मिनिटं नाक खाली घालून एकेक कण शोधते. श्वास हळू होतो, पाठ सैल पडते. घरी आली की पाणी पिऊन आडवी. चालणं थोडं झालं तरी चालेल, हुंगणं पोटभर व्हायला पाहिजे.

उन्हाळ्यात नियम वेगळे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला भिडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकूनच अंग थंड करतं. त्यात भुंकणं आणि ओढणं आलं तर उष्माघाताला वेळ लागत नाही. उजाडायच्या आत निघायचं. डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवून बघायची. मला पाच-सात सेकंद धरवत नसेल तर त्यांनी तिथे पाय का ठेवावा? गणपतीचा डीजे आणि दिवाळीचे फटाके असतात त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी निघतच नाही. घरात हुंगायचे खेळ खेळतो. एक दिवस फिरलं नाही म्हणून कुणाचं बिघडत नाही. पण एका फटाक्याने घाबरलेलं कुत्रं कित्येक दिवस त्या कोपऱ्यावरून पुढे जायला तयार होत नाही.

गल्लीतल्या मुलांनाही सामील करून घ्यावं लागलं. त्यांना दोघांच्या रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवलं. कुत्रं आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात खाली, नजर जमिनीवर, हे करवून घेतलं. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग त्याच दिवशी दवाखाना. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही. हे त्यांच्या आयांनाही सांगितलं. तीच मुलं आता “काकू, काळ्या येतोय का?” विचारून रस्त्याच्या कडेला सायकल थांबवतात. त्याचा मला फार आधार आहे. कुत्र्याला एकट्याने शिकवता येत नाही, गल्ली सोबत लागते. नानासुद्धा हल्ली आम्ही दिसलो की बकऱ्या आधी पुढे जाऊ देतात, मग आम्हाला खूण करतात.

दूधवाल्याची मोटारसायकल मात्र अजून जमलेली नाही. कॅनचा खडखडाट, वर हॉर्न, आणि गाडी अगदी अंगावरून जाते. तिथे अंतर ठेवायला जागाच नाही. म्हणून तो यायच्या वेळी आम्ही सूतगिरणीच्या बाजूने वळतो. त्याच्याशी बोलणं झालंय. पुढच्या आठवड्यात तो रिकामी गाडी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बंद करून उभी ठेवणार आहे. इंजिन सुरू करायचं ते मी हात वर केल्यावर.