नगरचा कांदा, ढाक्याचा स्वयंपाक

घोडेगाव, नेप्ती, राहुरी, राहाता. आमच्या जिल्ह्यातल्या या बाजारांत कांद्याचा लिलाव होतो, पण भाव ठरतो बराच लांब. ढाका-कोलंबोची मागणी असली की बोली चढते. दिल्लीहून निर्यातबंदीचा आदेश निघाला की तीच बोली धाडकन खाली येते. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी ही बंदी तीनदा आली.

२०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशात कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला. विमानाने कांदा आणायची वेळ आली. त्या ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितले आहे, बंदी घालण्याआधी कळवले असते तर बरे झाले असते, असे त्या हसत हसत बोलल्या. ते गाऱ्हाणे होते आणि ते नगरच्या शेतकऱ्याचेही होते. त्यालाही कोणी आधी कळवले नव्हते.

खरे तर अशा वेळेसाठीच शेजारी देश एकत्र बसतात. सार्कची स्थापना १९८५ साली ढाक्यातच झाली. जकात कमी करणारा साफ्टा करार २००६ पासून लागू झाला. तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे, आणि २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. भारत-पाकिस्तानचे भांडण हे एक कारण. दुसरे कारण आकाराचे. एक देश बाकी सगळ्यांहून मोठा असला की करार कागदावर राहतो आणि मर्जी चालते. मग लहान देशही सावध होतात. बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानकडून कांदा आणला. स्वतःचे पीक आले की तोही आपली आयात रोखतो. गेलेले गिऱ्हाईक सगळे परत येत नाही, हे आपल्या व्यापाऱ्यांना विचारा.

शेजाऱ्यांच्या एकीचा धडा नगरला नवा नाही. १५६५ साली हुसेन निजामशहाने विजापूर, गोवळकोंडा आणि बीदरशी हातमिळवणी केली. मुलगी चांदबीबी विजापूरला दिली. विजयनगरविरुद्धची लढाई जिंकली आणि लगेच पुन्हा आपसांत भांडणे सुरू झाली. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. लढाईपुरती झालेली सोयरीक टिकली नाही.

आज माझ्यासारख्या नगरी मुसलमानाच्या कानावर ‘बांगलादेशी’ हा शब्द शिवीसारखा पडतो. शिवी देणाऱ्याच्या चाळीतला कांदाही बांगलादेशाच्याच मागणीची वाट पाहत असतो, हे मात्र कोणी बोलत नाही. शब्दाने तोडायचे आणि मालाने जोडायचे, हे किती दिवस चालेल?

उपाय अवघड नाही. दर वर्षी किती माल मिळेल हे आधीच ठरवून द्या, अशी मागणी बांगलादेशाने केलेलीच आहे. २०२४ मध्ये बंदी चालू असतानाही दिल्लीने त्याला ५०,००० टन कांदा पाठवायची परवानगी दिली. जे मेहरबानी म्हणून देता येते, ते कराराने का देता येऊ नये? तसे झाले तर कांदा लावताना नगरच्या शेतकऱ्याला निदान एवढे तरी ठाऊक असेल की त्याच्या मालाला गिऱ्हाईक आहे.